घटस्फोटाच्या निकालाआधीचे आदेश: राहते घर, पोटगी आणि मुलांचा ताबा

कृष्णाकाठची

नमस्कार. धाकट्या बहिणीच्या संमतीने हा धागा काढत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

बहीण पुण्यात सासूच्या नावावर असलेल्या सदनिकेत नवरा, सासू आणि दोन मुलांसह राहत होती. नवरा खासगी कंपनीत नोकरीला आहे, शिवाय गावाकडे त्याच्या नावावर बागायती जमीन आहे. बहीण पदवीधर आहे, पण मुलगा झाल्यावर सासरच्यांच्या आग्रहाखातर तिने नोकरी सोडली. मारहाण लग्नानंतर लवकरच सुरू झाली होती आणि माहेरी सांगायचे नाही असा दंडक होता. गेल्या महिन्यात तिचे मनगट मोडले आणि "घर आईचे आहे, तुझा इथे काही संबंध नाही" असे म्हणून तिला रात्री बाहेर काढले. तीन वर्षांची मुलगी कडेवर होती, म्हणून ती सोबत साताऱ्याला आली. सात वर्षांचा मुलगा झोपलेला होता, त्याला त्यांनी ठेवून घेतले आणि आता फोनवरही बोलू देत नाहीत. पोलीस ठाण्यात गेलो तर "घरगुती भांडण आहे, समजुतीने घ्या" असे सांगून परत पाठवले.

आता नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली आहे. परस्पर संमतीने घटस्फोट द्यावा, स्वतःची आणि मुलीची पोटगी कायमची सोडत असल्याचे लिहून द्यावे, मुलगा त्यांच्याकडे राहील, असा मजकूर आहे. आईवडील थकले आहेत; सही करून मोकळे व्हावे असे त्यांना वाटते. माझे मन त्याला तयार नाही. दावा साताऱ्यात करता येतो की पुण्यालाच जावे लागते? घर सासूचे असल्यामुळे तिचा हक्क खरोखरच संपतो का? आणि मुलाचे काय करायचे?

जुना वकील

ताई, त्या मजकुरावर सही करू नका, पण नोटीस अनुत्तरितही ठेवू नका. मारहाण, हाकलून देणे आणि मुलाला अडवून ठेवणे या तिन्ही गोष्टी नमूद करून वकिलामार्फत उत्तर द्या. नोटिशीचे उत्तर पुढे अनेक वर्षे कागदपत्रांत राहते, म्हणून त्यात एक शब्दही वाढवून लिहू नका.

दुसरे, घटस्फोट हवा की नको, ही चर्चा तूर्त बाजूला ठेवा. जिल्हा न्यायालयांत आयुष्य घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की अशा प्रकरणात बाईचे आणि मुलांचे दिवस कसे जातील हे अंतिम निकालापेक्षा अंतरिम आदेशांवर जास्त ठरते. घटस्फोटाचा दावा लढवला गेला तर पुरावा, उलटतपास आणि अपील यांत वर्षे जातात. त्या काळात भाडे कोण देणार, शाळेची फी कोण भरणार आणि मुलगा कोणाला किती वेळा दिसणार, हे ज्या कागदाने ठरते तो कागद आधी मागायचा असतो. पक्षकार मात्र सगळी ताकद मूळ दाव्याच्या आरोपांवर खर्च करतात आणि अंतरिम अर्ज दीड पानात उरकतात.

अधिकारक्षेत्राची काळजी नको. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याचे कलम 27 सांगते की पीडित महिला जिथे तात्पुरती राहत असेल तिथल्या दंडाधिकाऱ्यांपुढेही अर्ज चालतो. म्हणजे सातारा चालेल. पोटगीचा स्वतंत्र अर्ज (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125, जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144) ती राहते तिथे करता येतो. उद्या तिला स्वतःला घटस्फोट मागायचा झाला तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 मध्ये 2003 साली झालेल्या दुरुस्तीमुळे पत्नीला आपल्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो. फौजदारी तक्रारीचेही तसेच. नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचे जुने कलम 498-अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम 85, याखालील गुन्हा ती जिथे आश्रयाला गेली तिथे नोंदवता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये रूपाली देवी प्रकरणात दिला आहे. पोलीस ठाण्याने तोंडी परत पाठवले असेल तर लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवा.

घराबद्दल सांगायचे तर, सासूच्या नावावरचे घर म्हणजे सुनेचा हक्क नाही, हा समज सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या बत्रा निकालामुळे पसरला होता. ऑक्टोबर 2020 मध्ये सतीशचंद्र आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. पती-पत्नी कुटुंब म्हणून ज्या घरात नांदत होते ते घर नवऱ्याच्या नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी हिंसाचार कायद्याच्या कलम 17 खाली तिथे राहण्याचा हक्क सांगता येतो. हा मालकीहक्क नव्हे, आणि तो निरपवादही नाही. वृद्ध सासूचे म्हणणेही न्यायालय ऐकते. कलम 19 च्या परंतुकाप्रमाणे घरातल्या स्त्रीला बाहेर काढण्याचा आदेश होत नाही, त्यामुळे सासूला घराबाहेर काढा अशी मागणी अर्जात घालू नका. परत त्याच घरात जाणे बहिणीला सुरक्षित वाटत नसेल तर त्याच कलमाखाली तशाच दर्जाचे दुसरे घर किंवा त्याचे भाडे मागता येते. माझ्या मते तिच्यासाठी भाड्याची मागणी जास्त उपयोगाची आहे, पण हा निर्णय तिने घ्यावा, आपण नव्हे.

आणखी एक. सासूने ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली सुनेला काढण्याचा अर्ज केला, असे हल्ली वारंवार दिसते. त्यावर एस. वनिता प्रकरणाचा डिसेंबर 2020 चा निकाल आहे: त्या संक्षिप्त प्रक्रियेचा वापर करून सुनेचा निवासाचा हक्क हाणून पाडता येत नाही.

उत्तरा

मी या सगळ्यातून गेले आहे, म्हणून फक्त पोटगीच्या कागदांबद्दल लिहिते.

रजनेश विरुद्ध नेहा हा सर्वोच्च न्यायालयाचा 4 नोव्हेंबर 2020 चा निकाल वकिलांना नावानिशी विचारा. प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेले होते आणि अंतरिम पोटगीचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला होता. त्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र ठरावीक नमुन्यात देणे बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. म्हणून अर्ज लवकर दाखल होण्याला पैशांतही महत्त्व आहे. "आधी समेटाचे बघू" म्हणून घालवलेल्या महिन्यांची पोटगी सहसा हाती लागत नाही.

शेतीचे उत्पन्न असणाऱ्यांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना त्या निकालाला जोडलेला आहे. तुमच्या मेहुण्यांची बागायती जमीन आहे, तेव्हा फक्त पगारपत्रक जोडून भागणार नाही. सातबारा आणि आठ-अ चे उतारे ऑनलाइन निघतात, ते आजच काढून ठेवा. पीकपाहणीत ऊस लागलेला असेल तर तो कोणत्या कारखान्याला जातो हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या बिलांचा प्रश्न न्यायालयात विचारायला लावा. नोटीस येताच जमीन भावाच्या नावावर करण्याचे प्रकार होतात, त्यामुळे आजच्या तारखेचा उतारा हाच तुमचा पुरावा ठरेल.

बहिणीचे शपथपत्रही तितकेच खरे असले पाहिजे. तिच्या नावावर एखादी ठेव किंवा दागिने गहाण ठेवून घेतलेले कर्ज असेल तर तेही लिहावे. माझ्या प्रकरणात समोरच्याने दोन बँक खाती दडवली होती, आणि ती उघड झाल्यावर त्यांच्या इतर खऱ्या म्हणण्यावरही कोणी विश्वास ठेवला नाही. तेच आपल्या बाजूने घडू नये.

तिची पदवी पुढे करून "ती कमावू शकते" असा युक्तिवाद नक्की होईल. कमावण्याची पात्रता असणे आणि प्रत्यक्ष कमावत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. नोकरी कधी, कोणाच्या सांगण्यावरून सोडली, त्या वेळचे राजीनामापत्र आणि संदेश यांची जुळणी करून ठेवा. पगाराच्या 25 टक्के हा आकडा तुम्हाला शंभर ठिकाणी ऐकू येईल. तो 2017 च्या एका निकालात आला आहे, पण ते सूत्र नाही. मुलांचा खर्च, घरभाडे, नवऱ्यावर अवलंबून असलेली माणसे हे सगळे बघून रक्कम ठरते. म्हणून मुलीच्या दुधापासून औषधापर्यंतचा महिन्याचा हिशेब पावत्यांसह लिहा.

आदेश मिळाल्यावरची एक अट मात्र कोणीही सांगत नाही आणि बायका तिथेच अडकतात. कलम 144 खालील पोटगी थकली तर ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. त्या मुदतीत अर्ज नसेल तर त्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही. "साचू दे, एकदम मागू" हा सल्ला नुकसान करतो. आणि थकबाकीसाठी नवरा महिनाभर तुरुंगात जाऊन आला म्हणून देणे फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलेले आहे.

जुना वकील

उत्तराताईंनी फार उपयोगाचे लिहिले आहे. त्यात एक भर. तुमचे मेहुणे पगारदार आहेत, म्हणून हिंसाचार कायद्याच्या अर्जात कलम 20 (6) ची मागणी लक्षात ठेवून घाला. आदेश पाळला नाही तर दंडाधिकारी थेट कंपनीला सांगू शकतात की पगारातून रक्कम कापून पत्नीकडे किंवा न्यायालयात जमा करा. बेलीफाच्या मागे धावण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

समुपदेशिका

मी कौटुंबिक न्यायालयात पक्षकारांच्या आणि मुलांच्या समुपदेशनाचे काम केले आहे. मुलाबद्दल लिहिते, कारण या प्रकरणात सर्वांत घाई त्याच्यासाठी करायला हवी.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचे कलम 6 म्हणते की पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. मुलीला त्याचा आधार आहे. सात वर्षांच्या मुलासाठी असे गृहीतक नाही. तिथे कलम 13 चा निकष लागतो, तो म्हणजे मुलाचे हित. ताबा हे बक्षीस किंवा शिक्षा नाही, म्हणून "नवरा वाईट आहे" एवढे सिद्ध केल्याने तो मिळत नाही. मुलाचा अभ्यास कोण घेत होते, पालकसभेला कोण जात होते, लसीकरणाच्या कार्डावर कोणाच्या सह्या आहेत, तापात रात्री कोण जागत होते, हे न्यायालयाला दिसले पाहिजे. भावंडांना वेगळे करू नये याकडेही न्यायालयाचा कल असतो, तेव्हा "मुलगी तुझी, मुलगा आमचा" या वाटणीला अर्जातच स्पष्ट हरकत घ्या.

पालक व पाल्य कायद्याखालील अर्ज मूल सामान्यतः जिथे राहते तिथल्या न्यायालयात करावा लागतो, म्हणजे मुलासाठी तो पुण्यात जाईल. पण हिंसाचार कायद्याच्या कलम 21 खाली तात्पुरता ताबा आणि भेटीची व्यवस्था साताऱ्याच्या अर्जातच मागता येते. ती मागाच. मूल जितके महिने एका घरात स्थिरावते तितके "आता त्याला हलवू नका" हे म्हणणे जड होत जाते, आणि अडवून ठेवणाऱ्या बाजूला हे पुरते माहीत असते.

ताब्याचा निर्णय होईपर्यंत रोजचा व्हिडिओ कॉल मागा. यशिता साहू प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी बोलण्याचा, शक्यतो दररोज, हक्क असला पाहिजे. मागणी करताना वेळ लिहा, कोणाच्या फोनवर हे लिहा. "योग्य वेळी बोलू द्यावे" असा आदेश अंमलात येत नाही. "दररोज संध्याकाळी सात ते साडेसात" असा येतो.

पहिली भेट बहुधा न्यायालयातील मुलांच्या खोलीत होईल. तिथले दृश्य मी अनेकदा पाहिले आहे: मूल दारातच थांबते, ज्याच्यासोबत आले त्याच्या चेहऱ्याकडे बघते आणि आपण आईकडे धावलो तर चालेल का याचा अंदाज घेते. आई रडू लागली की ते आणखी आक्रसते. म्हणून बहिणीला आधीच तयार करा. तिने त्याच्या शाळेबद्दल, मित्रांबद्दल बोलावे, सोबत घरचा डबा न्यावा, धाकट्या बहिणीने काढलेले चित्र द्यावे. "बाबांनी मला कसे मारले" आणि "तुला कोणाकडे राहायचे आहे" ही दोन वाक्ये तिच्या तोंडून येता कामा नयेत. दुसरा प्रश्न योग्य वेळी न्यायाधीश दालनात बोलावून विचारतील, आणि तो विचारणे त्यांचे काम आहे.

मुलाचा बाबा

माझे प्रकरण उलट बाजूचे आहे. विभक्त झाल्यावर माझी मुलगी आईकडे राहिली आणि ठरलेल्या भेटी वारंवार रद्द होत गेल्या. म्हणून या धाग्यावर लिहावे की नाही याचा विचार करत होतो. पण समुपदेशिका म्हणतात ते शब्दशः खरे आहे, आणि ते दोन्ही बाजूंना लागू आहे.

कृष्णाकाठची ताई, तुमच्या बहिणीला मारहाण झाली आहे, त्यामुळे वडिलांची मुलीशी भेट कशी व्हावी याच्या अटी तुम्ही जरूर घाला: न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकाच्या उपस्थितीत, बहिणीला समोर यावे न लागता. पण भेट अजिबात नको असे लिहू नका. ते तुमच्या मुलाच्या अर्जाला मारक ठरेल, कारण न्यायाधीश दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचतात. शिवाय पोटगी थकली म्हणून भेट थांबवायची, किंवा भेट नाही म्हणून पोटगी थांबवायची, या दोन्ही गोष्टी न्यायालय खपवून घेत नाही. मी भेटी होत नसतानाही मुलीची पोटगी दर महिन्याला बँकेतून भरत राहिलो, आणि पुढे सुट्यांतला ताबा मिळताना त्या नोंदी कामी आल्या.

मांडवी

गोव्यातून लिहिते. कोणी गोव्याचे वाचत असेल तर घोटाळा होऊ नये म्हणून सांगते: आमच्याकडे हिंदू विवाह कायदा लागू नाही, पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते आणि विभक्त होताना निम्म्या वाट्याचा प्रश्न येतो. त्यामुळे वरचे घटस्फोटाचे आणि मालमत्तेचे नियम जसेच्या तसे उचलू नका. कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा मात्र गोव्यातही तसाच लागू आहे.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. आईवडिलांना हा धागा वाचून दाखवला. बाबांनी सातबारा काढण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे.

काही शंका उरल्या आहेत. तिच्याकडे मारहाणीचे पुरावे थोडे आहेत: मनगटाचे क्ष-किरण चित्र, सरकारी दवाखान्याचा कागद आणि नवऱ्याचे काही धमकीचे आवाजी संदेश. आधीच्या वर्षांतल्या मारहाणीची कुठेच नोंद नाही. एवढ्यावर अर्ज टिकेल का? वकिलाची फी परवडत नसेल तर काय करावे? आणि शेवटी तिला परस्पर संमतीनेच सुटायचे असेल तर तो मार्ग बंद होतो का?

जुना वकील

पुरावे थोडे नाहीत. दवाखान्याच्या कागदात दुखापतीचे कारण काय लिहिले आहे ते पाहा. "घरात पडल्याने" असे लिहिले गेले असेल तर कोण सोबत होते आणि ते कोणी सांगितले हे अर्जात स्पष्ट करावे लागेल. आवाजी संदेश मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका, विकू नका. त्यांची प्रत दाखल करताना 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लागते. जुन्या घटनांसाठी तिने शांतपणे बसून वर्ष, सण, प्रसंग आठवेल तसे टिपण करावे. तारीख आठवत नसेल तर "मुलाच्या बारशाच्या आदल्या आठवड्यात" असे लिहिले तरी चालते. खोटी तारीख लिहिली तर उलटतपासात सगळे कोसळते. उशीर झाला म्हणून हिंसाचार कायद्याच्या कलम 12 चा अर्ज मुदतबाह्य ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

साताऱ्यातील संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. हे पद महिला व बालविकास विभागाकडे असते. ते कौटुंबिक घटनेचा अहवाल विहित नमुन्यात तयार करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात, आणि त्यासाठी पैसे द्यायचे नसतात. तो अहवाल नसला म्हणून आदेश अडत नाही, पण असला तर बरे. अर्जासोबत नमुना 3 मधील शपथपत्र देऊन कलम 23 खाली तातडीचा एकतर्फी आदेश मागा: मारहाण व संपर्क यांना मनाई, मुलाशी बोलणे, आणि तात्पुरती रक्कम. संरक्षण आदेश मोडणे हा कलम 31 खाली गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कायद्यात पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असे लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात, आणि त्याचा मला आजही राग येतो. समोरचा मुदतीचे अर्ज देत राहिला तर प्रत्येक वेळी लेखी हरकत नोंदवा आणि रोजनाम्याची (न्यायालयाच्या तारीखवार कामकाजाच्या नोंदीची) नक्कल काढत राहा. वरच्या न्यायालयात विलंब कोणी केला हे त्यावरूनच दिसते.

फीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नेमलेले वकील लक्ष देत नसतील तर बदलून मागता येतात. प्राधिकरणाचा दूरध्वनी 15100 आहे, आणि संकटाच्या वेळी महिलांसाठी 181 आणि पोलिसांसाठी 112.

परस्पर संमतीचा मार्ग बंद होत नाही. वर्षभर वेगळे राहणे आवश्यक असते, मग दोघांचा संयुक्त अर्ज आणि त्यानंतर सहा महिन्यांचा काळ. अटी पूर्ण होत असतील तर तो काळ माफ करता येतो, असे 2017 च्या अमरदीप सिंग निकालाने ठरवले आहे. बहीण अजून वर्षभर वेगळी राहिलेलीच नाही, त्यामुळे आज लगेच सही करण्याची घाई समोरच्याला का आहे याचा विचार करा. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागेही घेता येते. पुढे तडजोड झालीच तर पैशांचा शेवटचा हप्ता दुसऱ्या प्रस्तावाच्या, म्हणजे त्या काळानंतर दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे संमती सांगण्याच्या, दिवशी न्यायालयात धनाकर्षाने (डिमांड ड्राफ्टने) द्यावा असे अटींतच लिहून घ्या, स्त्रीधनाची यादी वजनासह जोडा, आणि मुलीची पोटगी सोडल्याचे कलम काढून टाकायला लावा. पोटगीचा तो हक्क मुलीचा स्वतःचा आहे. आईने सही केली म्हणून तो संपत नाही.

अर्जाचा मसुदा तयार झाला की नावे काढून इथे टाका. मुलाच्या शाळेच्या दिवाळी आणि उन्हाळी सुट्यांच्या तारखा त्यात आधीच घाला, म्हणजे सुट्टीतला ताबा पहिल्याच सुनावणीत मागता येईल.